दूरदर्शनचे, बीबीसीचे मोठे साहेब थेट समोरच्या चॅनेलात जातात, यात नक्की काय चुकतं?

पाऊलखुणा२२

नमस्कार मंडळी, इथे मीडियात आणि सरकारी नोकरीत काम केलेले बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. मी पुण्यात पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या आठवड्यात वर्गात मायकेल ग्रेडची केस झाली, म्हणजे बीबीसीचा चेअरमन २००६ मध्ये खुर्ची सोडून थेट आयटीव्हीत, म्हणजे समोरच्या खासगी, जाहिरातींवर चालणाऱ्या चॅनेलात गेला ती. सर म्हणाले यात विशेष काही नाही, टॅलेंट जिथे किंमत मिळते तिथे जातं, बँकेचा मॅनेजर दुसऱ्या बँकेत जातो तसंच हे. मी हात वर केला आणि म्हटलं की नाही सर, हे तसं नाहीये, पण का नाही ते मला धड सांगताच आलं नाही, दोन वाक्यं बोलले आणि अडकले. सगळा वर्ग बघत होता. घरी येऊन शोधलं तर कळलं की आपल्याकडेही हे झालंय, रथीकांत बसू दूरदर्शनचे महासंचालक होते आणि १९९६ मध्ये ते स्टार टीव्हीचे भारतातले प्रमुख झाले. मला पुढच्या गुरुवारी यावर वीस मिनिटं बोलायचंय.

माझा प्रश्न असा की कायदा मोडलेला नसेल, पैसे खाल्लेले नसतील, तरीसुद्धा हे आपल्याला खटकतं ते नेमकं कशामुळे? त्या माणसाबरोबर जातं तरी काय? फाइली तर कुणी उचलून नेत नाही ना. आत काम केलेल्या कुणी सांगितलं तर फार मदत होईल. 'नैतिकता' वगैरे मोठे शब्द मला पुस्तकात मिळतील, मला प्रत्यक्ष काय होतं ते हवंय.

क्रॉयडनकर

मी २००३ पासून लंडनजवळ राहते आणि तेव्हापासून बीबीसीची लायसन्स फी भरते, त्यामुळे ग्रेडचं प्रकरण मला बाहेरच्यासारखं बघताच येत नाही. भारतातल्या लोकांना ही फी म्हणजे काय ते पटकन लक्षात येत नाही म्हणून आधी ते सांगते. इथे घरात कुठलंही चॅनेल लाइव्ह बघायचं असेल, अगदी तुम्ही बीबीसी कधीच लावत नसाल, फक्त आयटीव्ही बघत असाल, तरी लायसन्स लागतं आणि ते पैसे बीबीसीला जातात. २००६ मध्ये ते वर्षाला १३१.५० पौंड होते, २०२५ च्या एप्रिलपासून १७४.५० झाले. मी नवीन आले तेव्हा भाड्याच्या खोलीच्या दारात पोस्टातून पहिलं पत्र जे पडलं ते बँकेचं नव्हतं की कौन्सिलचं नव्हतं, ते टीव्ही लायसन्सचं होतं, या पत्त्यावर लायसन्स दिसत नाही, अमुक दिवसात उत्तर द्या. माझ्याकडे टीव्ही नव्हता तेव्हा. पण त्या पत्रामुळे माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली की हे चॅनेल सरकारचं नाही की शेठजीचं नाही, हे माझ्यासारख्या भाडेकरूच्या पैशावर चालतं.

आता २००६ कडे. ग्रेड २००४ च्या मे महिन्यात चेअरमन झाला तेव्हा बीबीसीची अवस्था फार वाईट होती. त्या जानेवारीत इराक युद्धाच्या बातमीवरून लॉर्ड हटन यांचा अहवाल आला आणि चेअरमन गॅव्हिन डेव्हिस आणि डायरेक्टर जनरल ग्रेग डाइक दोघेही दोन दिवसांत गेले, म्हणजे घरातले दोन्ही कर्ते एकदम. अशा वेळी ग्रेड आला आणि त्याने घर सावरलं हे मान्य करायलाच हवं. बीबीसी चालते ती रॉयल चार्टरवर, म्हणजे ठराविक मुदतीच्या राजसनदेवर, तो चार्टर २००६ च्या ३१ डिसेंबरला संपत होता, १ जानेवारी २००७ पासून नवीन चार्टर आणि जुन्या गव्हर्नर मंडळाच्या जागी बीबीसी ट्रस्ट. त्या ट्रस्टची घडी बसवण्यात तो होता आणि पहिला अध्यक्षही तोच होणार होता. शिवाय पुढच्या सहा वर्षांची लायसन्स फी किती यावर सरकारशी घासाघीस चालू होती, तीही अगदी शेवटच्या टप्प्यात.

आणि २८ नोव्हेंबरला बातमी आली की ग्रेड आयटीव्हीत चालला. म्हणजे चार्टर बदलायला पाच आठवडे उरलेले. पाऊलखुणा, तू तारखा नीट मांडलीस ना, तरी तुझं निम्मं उत्तर त्यातच आहे. १७ नोव्हेंबरला स्काय या सॅटेलाइट टीव्ही कंपनीने आयटीव्हीचे १७.९ टक्के शेअर घेतले, आयटीव्हीला त्या उन्हाळ्यापासून धड प्रमुख नव्हता, चार्ल्स ॲलन ऑगस्टमध्येच जातो म्हणून सांगून बसलेला, म्हणजे त्यांना कुणीतरी भारदस्त नाव तातडीने हवं होतं. त्यांनी समोरच्या घरातलाच कर्ता उचलला. बीबीसीत त्याला वर्षाला १ लाख ४० हजार पौंड, आयटीव्हीत मूळ पगारच ८ लाख २५ हजार. पगाराबद्दल मी त्याला दोष देत नाही, खरंच नाही. आयटीव्ही त्याच्यासाठी परकं घर नव्हतंच, त्याचे काका लू ग्रेड हे आयटीव्हीच्या सुरुवातीच्या काळातल्या एटीव्ही कंपनीचे, तो स्वतः आयटीव्हीच्याच लंडन वीकेंड टेलिव्हिजनमध्ये वाढलेला.

मला खटकलं ते हे की फीची बोलणी करताना सरकारपुढे बीबीसीच्या वतीने कागद कुणी ठेवले, कुठल्या आकड्यापर्यंत आपण खाली यायला तयार आहोत हे कुणाला माहीत होतं, तर याला. आणि जानेवारीत तो ज्या खुर्चीत जाऊन बसला त्या कंपनीचं हित कशात, तर बीबीसीला कमी मिळण्यात. जानेवारीच्या १८ तारखेला फी जाहीर झाली, पहिली दोन वर्षं ३ टक्के वाढ, मग २ टक्के, बीबीसीने मागितलं होतं त्यापेक्षा बरंच कमी. तो थांबला असता तर जास्त मिळालं असतं असं मी अजिबात म्हणत नाही, ते कुणालाच सांगता येणार नाही. पण ट्रस्टचे पहिले चार महिने हंगामी अध्यक्षावर निघाले, मायकेल लायन्स आले ते मे महिन्यात. लग्नाच्या मांडवातून यजमानच उठून जावा तसं वाटलं होतं मला. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी बाई म्हणाली की तुला काय एवढं, तू तर नवीन आलेली आहेस. मला वाटलं की अगं मीही भरतेच आहे ना.

स्लॉट_बुकिंग

मी जाहिरात क्षेत्रात २२ वर्षं आहे, मीडिया बाइंगमध्ये, म्हणजे चॅनेलांवरचा जाहिरातींचा वेळ विकत घेण्याच्या कामात. मला तुमच्या सरांचं म्हणणं बरंचसं पटतं, आणि हे मी वाद घालायचा म्हणून लिहीत नाहीये.

एकच बाजू बघू नका. बीबीसीने बाहेरून माणसं घेतली तेव्हा कुणी रडलं का? जॉन बर्ट १९८७ मध्ये आला तो लंडन वीकेंडमधून, पुढे डायरेक्टर जनरल झाला. ग्रेग डाइक कमर्शियल टीव्हीतूनच आला, २००० मध्ये डायरेक्टर जनरल. १९६७ मध्ये तर हॅरॉल्ड विल्सनच्या सरकारने आयटीव्हीवर देखरेख करणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष चार्ल्स हिल यांनाच उचलून बीबीसीचा चेअरमन केलं होतं. मार्क थॉम्पसन २००२ मध्ये चॅनेल फोरला गेला आणि दोन वर्षांनी परत येऊन बीबीसीचा डायरेक्टर जनरल झाला, नंतर न्यूयॉर्क टाइम्स, नंतर सीएनएन. येताना ज्ञान घेऊन आलेलं चालतं आणि जाताना चालत नाही, असं कसं? टीव्ही हा धंदाच माणसांचा आहे, मशीन कुणीही विकत घेतं.

आणि सरकारी ठिकाणी माणसाला काय मिळतं तेही बघा. चांगलं काम केलं तरी बदली, वाईट केलं तरी बदली. एखादा माणूस वीस-पंचवीस वर्षं तिथे घासून शहाणा झाला आणि कुणीतरी त्याला म्हणालं की ये, तुला मोकळा हात देतो, तर त्याने काय म्हणून नाही म्हणायचं? मला वाटतं दोष संस्थेचा असतो, तिने माणूस सांभाळला नाही.

टेपवाला

बराच वेळ टाइप करून पुसतोय, आता लिहूनच टाकतो. पाऊलखुणा, मी तुझ्या आजोबांच्या नाही तरी वडिलांच्या नक्कीच वयाचा असेन. १९८९ पासून बारा वर्षं मी दूरदर्शनच्या एका केंद्रात कॅज्युअल होतो, एडिटिंगला. कॅज्युअल म्हणजे नोकरी नाही, महिन्यातले मोजके दिवस बुकिंग मिळायचं, बाकीचे दिवस लग्नाच्या कॅसेट कापायचो. त्यामुळे साहेब लोकांच्या केबिनमधलं मला फारसं माहीत नाही, पण काय 'जातं' ते मात्र मला माहीत आहे, आणि का माहीत आहे ते शेवटी सांगतो.

आधी बसूसाहेबांबद्दल, कारण त्यांच्यावर अन्याय नको. ९०-९१ पर्यंत आम्हाला स्पर्धा हा शब्दच माहीत नव्हता. आखाती युद्ध झालं, लोकांनी हॉटेलात सीएनएन बघितलं, १९९१ ला स्टार आलं, २ ऑक्टोबर १९९२ ला झी. गल्लीगल्लीत केबलवाले वायरी टाकायला लागले. आमच्या केंद्रात पहिली दोन वर्षं लोक म्हणत होते की हे काही टिकत नाही, डिश वाऱ्याने पडेल. बसू महासंचालक झाल्यावर हे बदललं. १९९३ मध्ये चारही महानगरांचं दुसरं चॅनेल सॅटेलाइटवर जोडून डीडी मेट्रो केलं, खासगी निर्मात्यांना वेळ विकला, आणि तरुण पोरं परत दूरदर्शन लावायला लागली. प्रादेशिक भाषांची सॅटेलाइट चॅनेलं आली, आपलं मराठीही त्यातच, ज्याचं पुढे सह्याद्री झालं. म्हणजे आयएएस असूनही या माणसाला टीव्ही कळत होता. म्हणून तर स्टारला तो हवा झाला. माध्यमसम्राट रूपर्ट मर्डॉकने १९९३ मध्ये स्टारचा ६३.६ टक्के हिस्सा ५२ कोटी ५० लाख डॉलरला घेतला होता, पण भारतात त्यांना हिंदीत पाय रोवता येत नव्हते. त्यांना भारत आतून ओळखणारा माणूस पाहिजे होता. त्यांच्याबरोबर दूरदर्शनमधले आणखी काही वरिष्ठही तिकडे गेले.

आता आतून ओळखणं म्हणजे काय. तेव्हा दूरदर्शनची पद्धत अशी होती की प्रायोजित कार्यक्रम असेल तर निर्माता आम्हाला टेलिकास्ट फी भरायचा आणि बदल्यात त्याला काही सेकंद मिळायचे, फ्री कमर्शियल टाइम, ते सेकंद तो बाजारात जाहिरातवाल्यांना विकायचा आणि त्यातून खर्च काढायचा. स्लॉट_बुकिंग यांना हे तोंडपाठ असेल. त्यामुळे दिल्लीत मंडी हाऊसला, म्हणजे दूरदर्शनच्या मुख्यालयात, निर्मात्यांची रीघ. कुणाचा पायलट, म्हणजे नमुन्याचा भाग, पास झाला, कुणाचा पडला, कुणी कुठल्या स्लॉटसाठी किती वेळा खेटे घातले, कुठल्या निर्मात्याला सेकंद विकता येत नाहीयेत आणि तो फी भरायला मुदत मागतोय, कुठला चांगला दिग्दर्शक आमच्यावर वैतागलाय, हे सगळं वर बसलेल्या माणसाला माहीत. आमचा स्वतःचा प्रेक्षक संशोधन विभाग होता, त्याच्या रेटिंगला डार्ट म्हणायचे, ते आकडे वर जायचे. कुठली कागदपत्रं न्यायची गरजच नाही. पास न झालेले पायलट तर सोन्याची खाण, कारण ते वाईट होते म्हणून पडलेले नसायचे, कधी विषय धाडसी म्हणून, कधी कुणाची सही वेळेत झाली नाही म्हणून. त्या निर्मात्यांना फक्त एक फोन करायचा की या, आमच्याकडे सहा महिने थांबावं लागत नाही.

फिक्स्ड पॉइंट चार्ट नावाचा प्रकार असतो, एफपीसी. लांबच लांब कागद, उभ्या रकान्यात वार, आडवं वेळ, प्रत्येक अर्ध्या तासाच्या चौकोनात कार्यक्रमाचं नाव. चालू तिमाहीचा भिंतीवर लावलेला असायचा, तो काय गुपित नाही, लोक टीव्हीवर बघतातच. पण पुढच्या तिमाहीचा पेन्सिलने भरलेला असायचा. ड्युटी रूममध्ये काचेखाली. खोडून खोडून कागद काळा झालेला. ती पेन्सिल म्हणजे संस्थेचं डोकं आहे गं. पुढे काय करायचंय ते.

आता माझं. २००१ मध्ये मला एका खासगी चॅनेलातून बोलावणं आलं. नाव सांगत नाही. एका हॉटेलात चहाला बोलावलं, दोन तरुण साहेब होते, फार सभ्य. माझं काम विचारलं, मशीन कुठलं चालवता विचारलं, आणि मग सहज एकाने विचारलं की शुक्रवारी रात्री तुमच्याकडे नवीन काय येतंय. मी सांगितलं. मला काय कळत होतं, मुलाखत आहे, आपल्याला माहिती आहे हे दाखवावं असं वाटलं. त्याने पेपर नॅपकिन माझ्यापुढे सरकवला आणि मी त्याच्यावर चौकोन काढून शुक्रवार-शनिवार भरून दिले. ते जे शुक्रवारचं होतं ते आमच्या केंद्रातल्या एका प्रोड्युसर बाईंनी दोन वर्षं धडपडून मंजूर करून घेतलं होतं, मीच त्याचा पहिला भाग कापला होता. बाईंचं सुरू व्हायच्या पंधरा दिवस आधी त्याच वेळेला, त्याच विषयावर त्या चॅनेलवर कार्यक्रम आला. मला नोकरी मिळाली. पगार तिप्पट, आणि दर महिन्याला. घरात दोन लहान मुलं होती, मी ती नोकरी घेतली.

मला कुणी सही करायला लावली नव्हती, कुठला नियम मी मोडला नाही. मी तर महिन्यातले काही दिवस येणारा कॅज्युअल. माझ्याकडे एक नॅपकिनभर माहिती होती. महासंचालकाकडे किती असेल, चेअरमनकडे किती असेल, तू विचार कर.

जावक_क्रमांक

राज्य सरकारच्या सेवेतून निवृत्त झालोय, सेवानियमांचं काम बरीच वर्षं बघितलं म्हणून तेवढंच सांगतो.

आयएएस किंवा केंद्राच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर खासगी नोकरी घ्यायची तर ठराविक मुदतीत सरकारची परवानगी लागते. ही मुदत आधी दोन वर्षं होती, नंतर एक वर्ष केली. स्वेच्छानिवृत्ती घेतली तरी हाच नियम. परवानगी न घेता गेलं तर पेन्शन रोखता येतं. परवानगी देताना बघायचं काय असतं, तर त्या कंपनीशी अधिकाऱ्याचा सरकारी कामात संबंध आला होता का, त्याच्याकडे अशी माहिती आहे का की ज्याचा त्या कंपनीला गैरवाजवी फायदा होईल. म्हणजे पाऊलखुणा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर नियम करणाऱ्यांनी आधीच ओळखलेलं होतं. टेपवालांनी जो पेन्सिलचा चार्ट सांगितला त्याच्यासाठीच ही मुदत आहे, कारण एक-दोन वर्षांत ती पेन्सिल शिळी होते.

अडचण अशी की शिक्षा फक्त पेन्शनची. ज्याला परदेशी कंपनी पगार देतेय त्याला पेन्शनचं काय भय?

ग्रेडचा प्रकार वेगळा. बीबीसीचा चेअरमन हा मॅनेजरसारखा नोकर नसतो, सरकारच्या शिफारशीवरून राणीच्या नावाने नेमणूक होते. खासगी कंपनीत मोठ्या पदावरच्या माणसाला राजीनाम्यानंतर काही महिने पगार देऊन घरी बसवतात, गार्डनिंग लीव्ह म्हणतात त्याला, म्हणजे त्याने समोरच्याकडे लगेच जाऊ नये. २८ नोव्हेंबरला जाहीर आणि जानेवारीत तिकडे रुजू. एखाद्या साबणाच्या कंपनीनेसुद्धा सेल्स हेडला इतक्या लवकर सोडलं नसतं.

स्लॉट_बुकिंग

टेपवाला साहेब, तुमचं वाचून थोडा वेळ गप्प बसलो. नॅपकिन मीही सरकवलेले आहेत लोकांपुढे, आमच्या धंद्यात त्याला कुणी चूक समजत नाही. माझं वरचं म्हणणं मी मागे घेत नाही, पण एक दुरुस्ती करतो. येताना आणि जाताना सारखंच असं मी लिहिलं ते बरोबर नाही. डाइक बीबीसीत आला तेव्हा त्याच्या जुन्या कंपनीचं जे काही नुकसान झालं असेल ते शेअरवाल्यांचं, त्यांनी जोखीम समजून पैसे घातले होते, नको असेल तर शेअर विकून मोकळे. क्रॉयडनकर ताई फी भरणं थांबवू शकत नाहीत. टीव्ही बघायचा तर भरावंच लागतं. हा फरक मी धरला नव्हता.

पण दुसरी एक गोष्ट नोंदवतो, ती म्हणजे समोरच्यांना याचा फायदा होतोच असं नाही. बसूंना स्टारने आणलं तेव्हा मोठा बेत होता तो डीटीएचचा, म्हणजे घरच्या छोट्या डिशवर थेट चॅनेलं देण्याचा, आयस्कायबी नावाने. १६ जुलै १९९७ ला सरकारने अधिसूचना काढून ४८०० मेगाहर्ट्झच्या वरचे सिग्नल पकडणारी उपकरणंच बंद केली आणि तो बेत जागेवर बसला. डीटीएचला परवानगी मिळाली ती २००० च्या नोव्हेंबरमध्ये, तोवर १९९९ ला बसूंच्या जागी पीटर मुखर्जी आलेले होते. सरकारी माणूस घेतला म्हणून सरकारी दार उघडतं असं नसतं. ग्रेडचंही तेच. तो आयटीव्हीत गेला आणि २००८ मध्ये जाहिरातींचा बाजारच कोसळला. फ्रेंड्स रीयुनायटेड नावाची वेबसाइट आयटीव्हीने २००५ मध्ये, म्हणजे त्याच्या आधी, १२ कोटी पौंडांना घेतलेली, ती २००९ मध्ये अडीच कोटींना विकावी लागली. त्याच वर्षी त्याने जायचं जाहीर केलं.

क्रॉयडनकर

फायदा झाला की नाही हा मुद्दाच नाही हो दादा. चोरीला गेलेली सायकल चोराला नीट चालवता आली नाही म्हणून माझी सायकल परत येते का? आणि ग्रेड काही चोर नव्हता, हे उदाहरण चुकलं माझं, राहू दे. पण तुम्हाला कळलं.

पाऊलखुणा, अजून एक घाल तुझ्या वीस मिनिटांत. २०११ मध्ये ग्रेड लॉर्ड झाला आणि २०२२ मध्ये ऑफकॉमचा अध्यक्ष. ऑफकॉम म्हणजे इथली नियामक संस्था, बीबीसी ट्रस्ट २०१७ मध्ये बंद झाल्यावर बीबीसीवर बाहेरून देखरेख करण्याचं कामसुद्धा तिच्याकडेच आलं. म्हणजे एकच माणूस आधी बीबीसीचा कर्ता, मग समोरच्याचा, मग दोघांवरचा पंच. मला त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घ्यायची नाही. पण बाहेरून बघणाऱ्या माणसाला वाटतं की हे वर बसलेले सगळे एकाच वाड्यातले, आणि आम्ही भरतो ते पैसे कुठल्या खोलीत जातात याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नाही. असं वाटायला लागलं की लोक म्हणतात कशाला भरायची फी.

पीटर फिंचमचं मात्र मला कधी खटकलं नाही. तो बीबीसी वनचा प्रमुख, २००७ मध्ये राणीवरच्या कार्यक्रमाची क्लिप उलटसुलट जोडून पत्रकारांना दाखवली गेली त्यावरून ऑक्टोबरमध्ये त्याला राजीनामा द्यावा लागला, आणि पुढच्या वर्षी तो आयटीव्हीत गेला. त्याला संस्थेनेच बाहेर काढल्यासारखं होतं, त्याने पोट कुठेतरी भरायचंच. म्हणजे माझ्या मनात चीड आहे ती जाण्याबद्दल नाहीये, ती हातातलं काम अर्धवट टाकून जाण्याबद्दल आहे, हे तुझ्या प्रश्नामुळे मला आज नीट कळलं.

पाऊलखुणा२२

सगळ्यांचे मनापासून आभार. मी वहीत उतरवून घेतलंय.

मला वाटतं मी वर्गात चुकीच्या ठिकाणी अडकले होते. मी त्या माणसाला बरोबर की चूक ठरवायला गेले. पण टेपवाला काकांचं वाचल्यावर कळलं की बँकेच्या मॅनेजरची तुलना का बसत नाही. दूरदर्शनमध्ये निर्माते येत होते ते बसूंना भेटायला नव्हे, त्या खुर्चीला भेटायला. ती खुर्ची इतकी मोठी होती कारण वर्षानुवर्षं अख्ख्या देशाने एकच चॅनेल बघितलं होतं आणि ते उभं करायला पैसा लोकांचा लागला होता. समोरचा जेव्हा त्या माणसाला मोठा पगार देतो तेव्हा त्यातला काही भाग त्याच्या हुशारीचा असतो, पण काही भाग त्या खुर्चीत बसून जे दिसलं त्याचा असतो, आणि तो भाग त्याचा एकट्याचा नाही. बरोबर धरलंय का मी?

काका, एक विचारू? तुम्ही म्हणालात कुणी सही घेतली नाही. घेतली असती तर तुम्ही नॅपकिनवर लिहिलं नसतं का? आणि त्या प्रोड्युसर बाईंना कधी कळलं का?

आणखी एक, बसूंनी नंतर तारा नावाची चॅनेलं काढली असं वाचलं, त्यात मराठीही होतं. ते कुणी बघितलंय का?

जावक_क्रमांक

बरोबर धरलंय. फक्त 'तो भाग त्याचा एकट्याचा नाही' हे वाक्य सावकाश बोल, तिथे घाई करू नकोस.

तारा मराठी आमच्याकडे केबलवर यायचं, २००० साली सुरू झालं. बांगला, पंजाबी, गुजराती आणि मराठी अशी चार होती. पण तेव्हा अल्फा मराठी वर्षभर आधीच आलेलं, १५ ऑगस्ट १९९९ ला, आणि जुलै २००० मध्ये ईटीव्ही मराठी. एवढ्या गर्दीत तारा मराठी फार वर्षं टिकलं नाही. बांगला बराच काळ चाललं.

टेपवाला

पाऊलखुणा, सही घेतली असती तर लिहिलं नसतं. खरं सांगतो, कागदाची भीती वाटते आमच्यासारख्याला. पण सही सोड, मला निघताना कुणी नुसतं बसवून सांगितलं असतं ना, की बाबा रे, तू इथे जे बघितलंस ते इथलं आहे, सहा महिने कुणाला बोलू नकोस, तरी मी गप्प राहिलो असतो. कुणी काहीच बोललं नाही. कॅज्युअल गेला, दुसऱ्याचं बुकिंग झालं. माझा शेवटचा दिवस कुठला हेसुद्धा कुणाला माहीत नव्हतं, मी स्वतःच हेडफोन कपाटात ठेवला आणि किल्ली ड्युटी ऑफिसरकडे दिली. स्लॉट_बुकिंग म्हणाले ना की संस्थेने माणूस सांभाळला नाही, ते तेवढं खरं आहे. पण सांभाळला नाही म्हणून मी त्या बाईंची दोन वर्षं नॅपकिनवर काढून द्यायला नको होती.

बाईंना कळलं होतं. माझं नाव नाही कळलं, पण आतून कुणीतरी सांगितलं एवढं कळलं. त्यांचा कार्यक्रम सुरू झाला, तेरा भाग झाले, पुढचे तेरा मंजूर झाले नाहीत. बऱ्याच वर्षांनी एका लग्नात भेटल्या, माझ्या मुलाच्या कॉलेजची चौकशी केली, आणि जाताना म्हणाल्या की तुझी कापणी फार स्वच्छ असायची. मी तेव्हाही सांगितलं नाही.

गुरुवारी हे सांगायचं असेल तर सांग. फक्त बाईंबद्दल बोलताना त्या कार्यक्रमाचा विषय काय होता ते कुणी विचारेल, तर तो होता गिरणगावातल्या चाळींमध्ये एकट्या राहिलेल्या म्हाताऱ्यांचा. खासगी चॅनेलवर तो आला तेव्हा त्यात म्हातारे नव्हते, त्यांची भांडणारी मुलं होती.